दातार बाईंची फळ्यावरची ओळ

दातार बाई वर्गात शिरल्या की मुलांकडे बघायच्या नाहीत, आधी फळ्याकडे जायच्या. चष्म्याच्या घरात त्या खडू ठेवायच्या. त्यातला एक काढून फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी वर, एक ओळ लिहायच्या. 'आजच्या कथेत एक बाई जळून मरते.' किंवा 'आजच्या कवितेत घरातली मारहाण आहे.' किंवा 'आज जातीवरून दिलेली शिवी येते आणि मी ती मोठ्याने वाचणार आहे.' मग खडू परत घरात, झाकण टक्‌ करून बंद, आणि वळून म्हणायच्या, "दार उघडं आहे. हजेरी लागलेली आहे. जाणाऱ्याने कारण सांगायचं नाही, राहणाऱ्याने जाणाऱ्याकडे बघायचं नाही." एवढं बोलून खिडकीपाशी जायच्या आणि दोन मिनिटं वर्गाकडे पाठ करून उभ्या राहायच्या. कोणी उठलंच तर बाईंना फक्त चपलांचा आवाज यायचा.

बहुतेक वेळा कोणी उठायचं नाही. वर्षाकाठी चार-पाच जण उठत असतील. पण जोवर ही ओळ चालली तोवर ती लिहिली नाही असा दिवस मी पाहिला नाही. विनोदी धडा असला तर बाई लिहायच्या, 'आज काही नाही. हसू आलं तर हसा.'

मी त्या कॉलेजात शिपाई आहे. कॉलेज ठाकुर्लीकडचं. नाव लिहीत नाही, कारण नोकरी अजून तिथंच आहे आणि मी मुळात घाबरणारा माणूस. माझं गाव चंदगडच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. वाचता येतं, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, लिहायची सवय मात्र नाही. तेव्हा इथं कुठं चुकलं असेल तर ते माझं. बरोबर असेल ते बाईंचं.

शिपायाच्या कामात सगळ्यात मानाचं काम म्हणजे नोटीस वही फिरवायची. ऑफिसात प्राचार्यांची सूचना वहीत चिकटवतात. मी वही घेऊन वर्गावर्गात जातो, सर किंवा मॅडम तास थांबवून ती मुलांना वाचून दाखवतात, खाली सही करतात, मी पुढच्या वर्गाकडे निघतो. परीक्षेची तारीख, फीची मुदत, ओळखपत्र गळ्यात घालण्याबद्दल, असं सगळं. एकच सूचना मी दिवसातून दहा आवाजांत ऐकतो. काही आवाज वैतागलेले असतात. "काय रे सुदाम, आत्ताच यायचं होतं?" बाईंच्या वर्गाशी गेलो की बाई म्हणायच्या, "या सुदामराव. काय आणलंत?" जसा काही मी गावाहून काजू घेऊन आलोय.

बाई म्हणायला त्यांनीच लावलं. बाकी कॉलेजात सगळ्या मॅडम. "मॅडम म्हटलं की मला वाटतं, हा माणूस काहीतरी विकायला आलाय," असं म्हणायच्या. राहायला डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. नव्वद फुटी रस्त्याने चालत यायच्या. पिशवीत भाजलेल्या दाण्यांची पुडी असायची, ती वाटेत संपायची. बोलणं एकदम पुस्तकातलं, पण मुलांच्या बोलण्याला कधी नावं ठेवली नाहीत. एखादा म्हणायचा, "बाई, मी काल आलेलो, तुम्हीच नव्हतात." बाजूचे हसायचे, आता बाई त्याचं बोलणं सुधारणार म्हणून. बाई म्हणायच्या, "आला होतास किंवा आलेलास, येणं महत्त्वाचं. बस."

शिकवून झाल्यावर 'समजलं का' असं त्यांनी कधी विचारलं नाही. 'पटलं नसेल ते सांगा' असं विचारायच्या. आणि पटलं नाही म्हणणाऱ्याला दाणे द्यायच्या, उरले असतील तर.

त्यांची आणखी एक सवय होती, ती ऑफिसात सगळ्यांना माहीत होती. कोणी काही वाईट सांगायला आलं की त्या हात वर करायच्या. "थांबा." खुर्ची ओढून बसायच्या, पदर सारखा करायच्या, मग म्हणायच्या, "हं. आता सांगा." प्रिंटर बंद पडला एवढंच असलं तरी. एकदा मी सांगायला गेलो की कॅन्टीनमधले वडे संपले. माझा चेहरा पडलेला असणार, कारण बाईंनी मला वडे आणायला पाठवलं होतं आणि मी रिकाम्या हाताने आलो होतो. बाईंनी हात वर केला, बसल्या, पदर सारखा केला, "सांगा." मी वडे सांगितले. बाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. आणि मग, त्याच खुर्चीत, जिन्याची गोष्ट सांगितली.

"आमचे हे गेले तेव्हा मी जिना चढत होते, सुदामराव. दोन्ही हातांत भाजी. तिसऱ्या मजल्यावरून शेजारीण ओरडली, वहिनी, लवकर या हो, भाऊजी गेले. मी पिशव्या खाली ठेवल्या नाहीत. तशीच चढले सगळा जिना. अजूनही मेथी निवडायला घेतली की मला तो जिना चढावा लागतो."

मी विचारलं, "शेजारणीचा राग आला असंल."

"छे हो. तिला कोणी शिकवलं होतं कसं सांगायचं ते? दुःख यायचं ते येतंच. माणसाला बसायला तेवढं द्यावं."

पण फळ्यावरची ओळ त्या जिन्यावरून आली असं नाही. ती आली त्यांच्या एका चुकीतून. ती चूक माझ्यासमोर घडली, ग्रंथालयाच्या दारात.

कळव्याची एक मुलगी होती, प्राजक्ता. तिच्या वडिलांनी स्वतःला संपवलं होतं. हे बाईंना प्रवेशाच्या वेळी ऑफिसातून कळलं. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात एका कथेत तसंच काही होतं. आदल्या दिवशी बाईंनी तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "उद्या आली नाहीस तरी चालेल. हजेरी मी लावीन." बाईंना वाटलं आपण चांगलं केलं. मलाही वाटलं. मुलगी दुसऱ्या दिवशी आली, पहिल्या बाकावर बसली, कथेवरच्या प्रत्येक प्रश्नाला हात वर केला. तास संपल्यावर ग्रंथालयाच्या दारात बाईंना गाठलं.

"बाई, तुम्ही माझ्यापासून पुस्तक लपवलंत."

"अगं, तुला त्रास होऊ नये म्हणून."

"घरी पण सगळे हेच करतात. दोन वर्षं झाली, माझ्यासमोर कोणी दोरी हा शब्द बोलत नाही. कपडे वाळत घालायची तार म्हणतात. मला वाटलेलं कॉलेजात तरी कोणी माझ्यासाठी ठरवणार नाही."

बाईंनी हात वर केला नाही, खुर्ची शोधली नाही. उभ्यानेच ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझं चुकलं. मी तुला सांगितलं, तेव्हा सगळ्यांना सांगायला हवं होतं. आणि जायचं की राहायचं ते तुझ्यावर सोडायला हवं होतं."

दुसऱ्या दिवसापासून ओळ सुरू झाली. सगळ्यांसाठी एकच, कोणाचं नाव नाही. मला म्हणाल्या होत्या, "कोणासाठी लिहिते आहे ते मला माहीतच नको. माहीत झालं की मी पुन्हा शहाणपणा करणार."

मुलं त्याला ट्रिगर वॉर्निंग म्हणायची. ती मोबाईलवर सगळं वाचतात, परदेशातल्या विद्यापीठांत या पाट्यांवरून भांडणं चालू आहेत हेही त्यांना माहीत होतं. बाईंना ते नाव आवडायचं नाही. "ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा, तो कशाला मध्ये आणता?" म्हणायच्या. "पुस्तक चावत नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. चावतं. चांगलं पुस्तक तर हमखास चावतं. कुठं चावणार ते आधी सांगते, एवढंच."

त्यांचं खरं भांडण म्हात्रे सरांशी. म्हात्रे सर इतिहासाचे आणि उपप्राचार्य. मूळचे बाळकुमचे, तिथं शेती होती तेव्हापासूनचे. वर्गात शुद्ध बोलतात, पण स्टाफरूममध्ये डबा उघडला की गावचं बोलणं बाहेर येतं. बाई शाकाहारी आणि दोघांची खुर्ची शेजारी शेजारी. ओळ सुरू झाली त्या आठवड्यात सरांनी डब्याचं झाकण अर्धं उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, आज डब्यान जवला हाय. दार उघडा हाय. हजेरी लागलेली हाय."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "मी राहते आहे, सर. चव घेणार नाही, वास सोसेन."

त्यानंतर ते रोजचंच झालं. बोंबील, कोलंबी, सगळ्याची आगाऊ सूचना मिळायची. पण चेष्टेखाली सरांचं म्हणणं खरोखरचं होतं आणि मला ते पटायचं सुद्धा. एके दिवशी चहा द्यायला गेलो तेव्हा दोघांचं चाललं होतं.

"बाई, जग काय फल्यावर लिवून येतं का?" सर म्हणाले. "आमचे बालकुमला एक दिस उठलो तं दारान बुलडोझर. बापाला कोनी आदी सांगला व्हता? आज तिथं टावर हाय अन खाली पोरांचा पोहायचा तलाव. आमी काय उठून कुठं जाऊन बसलो नाय. तुमची पोरं नाजूक होतील. उद्या नोकरीत साहेब ओरडला, तं त्याला बोलतील का, आदी सूचना द्या?"

"कोणी आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं?" बाईंनी विचारलं.

"काय होनार? शेत वाचला असता का?"

"नसतं वाचलं."

"मंग?"

"तुमचे वडील आदल्या संध्याकाळी बांधावर जाऊन उभे राहिले असते."

सरांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग मला म्हणाले, "सुदाम, चहात साखर कमी हाय." साखर नेहमीएवढीच होती.

आता माठाच्या खोलीबद्दल लिहायला हवं, कारण सगळं बिघडलं ते तिथून.

वर्गातून उठून गेलेलं पोर जाणार कुठं? जिन्यात उभं राहिलं तर येणारा-जाणारा विचारणार. म्हणून बाईंनी तळमजल्यावरची, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांची खोली प्राचार्यांकडून मागून घेतली. मी आणि बाईंनी दोन दिवस झाडली. सात खुर्च्या धडक्या निघाल्या. मुलं लगेच सेफ स्पेस म्हणायला लागली, दारावर तसा कागदही लावला. बाईंनी तो काढला. "नाव नको, माठ आणा." घरून स्वतःचा माठ आणला त्यांनी, तिवईसकट. तो भरायचं काम माझं. खोलीचे नियम दोन होते. दार लावून घ्यायचं नाही, आणि आत बसलेल्याला कोणी काही विचारायचं नाही. बाईंनी सुद्धा नाही, मी सुद्धा नाही.

मला तो दुसरा नियम फार आवडायचा. मला आयुष्यात लोकांनी फार विचारलंय.

वर्षभर नीट चाललं. क्वचित कोणी यायचं, पाणी प्यायचं, बसायचं, पुढच्या तासाला जायचं. एक-दोन टगे ओळीचा फायदा घेऊन मिसळ खायला जायचे तेही कळलं. बाई म्हणाल्या, "जाऊ देत. मिसळीनेही कधी कधी बरं वाटतं." मग रोहन नावाचा दुसऱ्या वर्षाचा मुलगा यायला लागला. पहिल्या तासालाच खोलीत यायचा, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचा, भिंतीला डोकं टेकायचा, की झोप. मधल्या सुट्टीपर्यंत. मी माठ भरायचो, झाकण वाजू नये म्हणून हळूच ठेवायचो. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मी विचारलं नाही. बाई दारावरून जायच्या, बघायच्या, त्याची हजेरी लावायच्या, पण त्यांनीही विचारलं नाही.

चाचणीत तो सगळ्या विषयांत गेला. त्याचे वडील आले. ठाण्याला कुठल्या तरी मोठ्या कचेरीत साहेब होते. प्राचार्यांच्या दालनातून त्यांचा आवाज बाहेर येत होता. हजेरी भरलेली आणि पेपर कोरा, हे कॉलेज आहे की विश्रांतिगृह, असं. चौकशीचं काम म्हात्रे सरांवर आलं. सरांनी मला बोलावलं.

"तो पोरगा खोलीत काय करायचा रे?"

मला वाटलं, खरं सांगितलं तर बाई अडकतील. खोटं सांगितलं तर मी. खरं सांगितलं. "झोपायचा, सर. आठ दिवस."

"तू विचारलं नाहीस?"

"विचारायचं नाही असा नियम हाय."

सर माझ्याकडे बघत राहिले. रागावले नव्हते; रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "अरे, पोर आठ दिस झोपतंय अन तू माठ भरतंस?"

मी तसाच बाईंकडे गेलो. बाईंनी माझं तोंड बघून हात वर केला, बसल्या. मी सांगितलं, मी तुमच्याविरुद्ध बोलून आलोय.

"खरं तेच बोललात ना?"

"होय."

"मग मान वर करा." बराच वेळ चष्म्याचं घर उघडझाप करत बसल्या. "म्हात्रे सर बरोबर बोलले. विचारायचं नाही हा नियम माझा. प्राजक्ताच्या वेळी मी नको तेवढं जाणून घेतलं, म्हणून यावेळी काहीच जाणून घ्यायचं नाही असं ठरवलं. सुरक्षित जागा करायला गेले आणि मुलाला अडगळीत ठेवून आले."

त्या दिवशी बाई त्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या. तासभर. मी लांबून बघत होतो; आधी नुसतेच बसलेले दोघं, मग तो बोलत होता आणि बाई पाण्याचा पेला हातात धरून ऐकत होत्या. बाहेर येऊन मला एवढंच म्हणाल्या, "त्याच्या घरात रात्री कोणाला झोपता येत नाही. आवाज फार असतो. पुढचं त्याचं आहे."

बैठकीत चहा घेऊन मी होतो. प्राचार्य, म्हात्रे सर, बाई आणि रोहनचे वडील. वडील म्हणाले, "मॅडम, माझा मुलगा आठवडाभर झोपतो आणि तुम्ही हजेरी लावता. कारण काय होतं? निदान कारण तरी सांगा."

बाईंनी कारण सांगितलं असतं तर तिथंच सुटल्या असत्या. मी हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

"कारण मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "ते मी सांगणार नाही, त्याने मला विश्वासाने सांगितलंय. तुम्ही त्याला विचारा. मी आठ दिवस विचारलं नाही ही माझी चूक आहे, ती लिहून देते. तुम्ही तरी ती करू नका."

त्या गृहस्थांनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. म्हात्रे सर टेबलावरच्या काचेकडे बघत होते. प्राचार्य म्हणाले, ठीक आहे, आम्ही विचार करू. प्राचार्य वाईट नाहीत. पण तक्रार लेखी होती, आणि लेखी तक्रारीला लेखी उत्तर लागतं.

दोन दिवसांनी ते उत्तर नोटीस वहीत चिकटवलेलं माझ्या हातात आलं.

'सर्व प्राध्यापक व विद्यार्थी यांना कळविण्यात येते की, पाठ्यविषयासंबंधी फळ्यावर पूर्वसूचना लिहिण्याची प्रथा आजपासून बंद करण्यात येत आहे. तास चालू असताना विद्यार्थ्यांनी वर्गातच थांबणे बंधनकारक आहे. तळमजल्यावरील खोली परीक्षा विभागाकडे देण्यात येत आहे.'

मी आधी बाकीचे सगळे वर्ग फिरलो. नऊ आवाजांत ऐकलं. काही आवाजांना बरं वाटत होतं. बाईंचा वर्ग शेवटी ठेवला, आणि जिन्यात दोनदा थांबलो.

दारात पोचलो तेव्हा बाई खिडकीपाशी पाठ करून उभ्या होत्या. फळ्यावर ओळ होती. 'आजच्या कथेत एक मुलगा तळ्यात बुडतो. भावाच्या डोळ्यांदेखत.'

मी दारातच थांबलो.

माझा थोरला भाऊ आमच्या गावच्या तळ्यात बुडाला. म्हशी धुवायला गेलो होतो दोघं. मी काठावर होतो, मला पोहता येत नव्हतं. पंधरा दिवसांनी शाळेत गेलो तर बदली होऊन नवे गुरुजी आलेले. त्यांनी धडा काढला, एक शूर मुलगा पाण्यात उडी टाकून बुडणाऱ्या मित्राला वाचवतो असा. मला उभं करून वाचायला लावलं. कसाबसा वाचला. मग गुरुजी म्हणाले, "शाबास. आता सांग, तू तिथं असतास तर काय केलं असतंस?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. सगळ्यांना माहीत होतं, एकट्या गुरुजींना माहीत नव्हतं. मी दप्तर तिथंच ठेवून बाहेर आलो तो पुन्हा गेलो नाही. गुरुजी चांगले होते, घरी दोनदा बोलवायला आले. मी माळ्यावर लपून बसलो. हे मी इकडं कोणाला सांगितलेलं नाही. बाईंनाही नाही.

बाई वळल्या. "या सुदामराव. काय आणलंत?"

मी वही पुढं केली. बाईंनी ती आधी मनात वाचली. मग वर्गाला वाचून दाखवली, सगळी, शेवटच्या ओळीपर्यंत, परीक्षेच्या तारखा वाचतात त्याच आवाजात. वर्गात कुजबुज झाली. मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, हे चुकीचं आहे यार. आपण सगळे जाऊ प्राचार्यांकडे."

"तुला पटलं नाही, ते योग्य ठिकाणी सांग. दाणे माझ्याकडे संपलेत," बाई म्हणाल्या. "मी मात्र ही सूचना पाळणार आहे. एक तक्रार खरी होती आणि तिला मी जबाबदार आहे." सही केली. "आजची ओळ सूचना यायच्या आधी लिहिलेली आहे. तेव्हा आजच्यापुरती ती चालेल."

वही परत देताना त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. काय दिसलं असेल ते असेल. त्यांनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसलो नाही, नुसती खुर्चीची पाठ धरली. बाई हळू म्हणाल्या, वर्गाला ऐकू जाणार नाही असं, "सही झालेली आहे. जायचं असेल तर वही घेऊन जा. राहायचं असेल तर मागचा बाक रिकामा आहे."

दुसरं काही विचारलं नाही.

मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. सातवीनंतर पहिल्यांदा बाकावर. मुलांनी वळून बघितलं नाही, त्यांना सवय होती. बाईंनी कथा वाचली. त्यातला भाऊ काठावर उभा राहतो. ओरडतो. त्यालाही पोहता येत नसतं. लिहिणाऱ्याने त्याला उडी टाकायला लावली नव्हती, आणि उडी टाकली नाही म्हणून कुठं बोलही लावला नव्हता. मी ओळ वाचली नसती तर त्या पहिल्या पानालाच उठून पळालो असतो, हे मला माहीत आहे. ओळ वाचली होती म्हणून तळं येणार हे ठाऊक होतं. आलं तेव्हा मी बाकाची कड धरून बसलो. ते आलं आणि गेलं, आणि कथा पुढंही होती. पुढं असतं हे मला शाळेने शिकवायच्या आधीच मी निघून आलो होतो.

तास संपल्यावर बाई काही बोलल्या नाहीत. मीही नाही. वही ऑफिसात उशिरा पोचली म्हणून बोलणी खाल्ली.

त्यानंतर बाईंनी फळ्यावर ओळ लिहिली नाही. सूचना पाळते म्हणाल्या होत्या, पाळली. खोलीत पुन्हा गठ्ठे गेले. माठ बाईंनी घरी नेला नाही, ग्रंथालयाबाहेर ठेवायला लावला. पण बाई तासाच्या पंधरा मिनिटं आधी येऊन वर्गाबाहेरच्या बाकावर बसायला लागल्या. कोणी येऊन विचारलं, "बाई, आज काय आहे?" तर सांगायच्या. आणि आता उलट विचारायच्याही, "का गं? काय झालं?" सांगितलं तर ऐकायच्या, नाही सांगितलं तर "बरं" म्हणायच्या. "जो येणार नाही त्याची हजेरी मात्र जाईल," हेही स्पष्ट सांगायच्या. "ते माझ्या हातात राहिलेलं नाही." दोन-तीन मुलांची हजेरी गेली. बाईंना ते लागलेलं मला दिसायचं.

म्हात्रे सरांच्या दालनातून तो बाक सरळ दिसतो. मला भीती वाटत होती, आता बाकाचीही नोटीस निघते की काय. एके दिवशी सरांनी मला बोलावलं. "सुदाम, तो बाक."

"होय सर."

"त्याचा एक पाय हालतोय. बाई पडतील. खिळा मार."

बाई त्याच वर्षअखेरीला निवृत्त झाल्या. समारंभ झाला, शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. म्हात्रे सर बोलायला उठले आणि दोन वाक्यांत बसले. पण मला बाई आठवतात त्या समारंभातल्या नाहीत. त्याच्या दोन-तीन आठवडे आधीची दुपार आहे. मी वही घेऊन वरच्या मजल्यावर आलो. बाई बाकावर बसल्या होत्या आणि शेजारी पहिल्या वर्षाची एक मुलगी, सॅक पोटाशी धरून. नाव मला माहीत नाही. बाई हळू बोलत होत्या, एक हात मुलीच्या सॅकवर. मला बघून त्यांनी बोटांनीच लांब थांबायला सांगितलं. मी जिन्याच्या कठड्याशी थांबलो. मुलगी खाली बघून ऐकत होती. दोनदा मान हलवली, एकदा डोळे पुसले. घंटा झाली. मुलं वर्गात शिरायला लागली. मुलगी तशीच.

मग तिने विचारलं ते मला ऐकू आलं. "आणि शेवटी काय होतं, बाई?"

"ते नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "शेवट वर्गात."

मुलीने वर्गाच्या दाराकडे बघितलं. मग तिने सॅक खांद्याला लावली आणि उठली. बाईही गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि तिच्यामागून, तिच्यापेक्षा दोन पावलं हळू, आत गेल्या.